ट्रेलरमधला ४८ आकडा

तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय. अमेरिकेत ओहायोत राहणारी ही ताई, समुपदेशनाचं सेशन ऑनलाइन, तिची सकाळ असते तेव्हा माझ्याकडे पुण्यात संध्याकाळचा कुकर लागलेला असतो. ती, नवरा आणि ७ वर्षांचा मुलगा, सुट्टीला गाडीमागे छोटा कॅम्पर ट्रेलर लावून फिरणारे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, झोपतो त्याच्या खालीच बॅटरी नि कन्व्हर्टर (बाहेरची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा डबा) आहे, सगळीकडून पत्रा, डब्यात बसल्यासारखं. रेडिएशनने पोराला काही होणार नाही ना?"

मोबाइलवर चुंबकीय क्षेत्र मोजणारं ॲप टाकलेलं, ते ४८ मायक्रोटेस्ला (त्या क्षेत्राचं माप) दाखवायचं आणि हिने वाचलेलं की ०.४ च्या वर धोका. झालं, रात्री पंधरा-वीस वेळा उठून मुलाच्या उशीशी फोन धरायचा.

मी तिथल्या तिथे तेच ॲप माझ्या फोनवर टाकलं. माझ्या टेबलावर ४३! फोनमधलं होकायंत्र पृथ्वीचंच चुंबकत्व मोजतं, शेजारी लोखंड असलं की आकडा हलतो, आणि ते ०.४ आहे ते घरातल्या विजेच्या, सतत दिशा बदलणाऱ्या करंटच्या चुंबकीय फील्डचं, दोन्हीचा मेळच नाही. हसली, पण लगेच, "मग ह्या फील्डला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरच्या यादीत टू-बी, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' गटात का टाकलंय?" टाकलंय, २००२ मध्ये, मुलांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) अभ्यासांत थोडा संबंध दिसला म्हणून, पण कारण तेच असं सिद्ध झालेलं नाही. हे मी लपवलं नाही, कारण "काही नसतं गं" म्हटलं की माणूस रात्री गुगल करतो आणि आपल्यावरचा विश्वास गेला.

मग ठरलं, खरा गॉसमीटर (विजेच्या उपकरणांचं चुंबकीय फील्ड मोजणारं यंत्र) आणायचा, एकदाच मोजायचं, वहीत लिहायचं, बास. कन्व्हर्टरच्या झाकणाला टेकवून ३५ मिलिगॉस, दोन-अडीच फुटांवर १ च्या आसपास. (१० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला, आणि सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला.) तरी मुलाचं डोकं दुसऱ्या बाजूला करा म्हटलं, उशी फिरवायला पैसे थोडीच पडतात.

पण मला खटकलं ते वेगळंच. सकाळी डोकं जड होतं असं ती दोनदा बोलली होती, म्हणून विचारलं, थंडीत आत काय करता? तर म्हणे स्टोव्ह पेटवून ऊब करतो, वरची खिडकी टेपने बंद, आणि कार्बन मोनॉक्साइडचा (बंद जागेत काही जळलं की साठणारा, वास नसलेला विषारी वायू, डोकं जड होतं ते त्यानेही) अलार्म सारखा टीटी करतो म्हणून ह्यांनी काढून ठेवलाय!! माझ्याच पोटात गोळा आला. सेशन थांबवलं, नवऱ्याला बोलव म्हटलं. अलार्मची मुदत कधीच संपलेली, आणि हे सगळे रात्रभर कन्व्हर्टरला घाबरतायत.

रात्रीचं उठणं सुटायला पुढे दीड-दोन महिने गेले, ती सवय आकडे समजले म्हणून जात नाही, आधी पंधराचं पाच, मग एक असं करत गेली. नवरा आता निघायच्या आधी नव्या अलार्मचं बटण दाबून बघतो. ॲप मुलाकडे गेलंय, तो त्याने भिंतीतले स्क्रू शोधतो.