देवकुंड धबधब्याला १५ ऑगस्टच्या सुट्टीत आई आणि मुलाला घेऊन जावं का?

१५ ऑगस्टला नका नेऊ. दसरा होऊ द्या, मग न्या. आणि तेव्हा मात्र नक्की न्या.

तुम्ही लिहिलंय की आई ६३ वर्षांच्या आहेत, रोज टेकडी चढतात, मुलगा १० वर्षांचा आहे, पुण्याहून स्वतःच्या गाडीने जाणार आहात आणि धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. चालण्याची काळजी करू नका. रोज टेकडी चढणाऱ्या माणसाला देवकुंडची वाट झेपते. जाऊन-येऊन साधारण बारा-तेरा किलोमीटर, चढ असा फारसा नाही, शेवटी तेवढे मोठे दगड. काळजी करायची ती वाटेतल्या ओढ्यांची.

देवकुंडचं नाव निघालं की लोक कुंडाच्या खोलीबद्दल विचारतात. पण कुंडापाशी पोचण्याआधी ओढे ओलांडावे लागतात, आणि परत येताना तेच ओढे पुन्हा ओलांडावे लागतात. सकाळी घोट्याएवढं पाणी होतं म्हणून दुपारी तेवढंच असेल, असं इथे धरून चालत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो, आणि खालच्या जंगलातून तो माथा दिसतच नाही. सगळा उभा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला जागाच नाही. पडलेला पाऊस थेट ओढ्यात येतो.

हे मी एकदा पाहिलंय. बरीच वर्षं झाली, तेव्हा तिथे बंदीचे फलक नव्हते. जुलैचा शेवट, आम्ही चौघं आणि सोबत भिऱ्यातले, म्हणजे देवकुंडच्या पायथ्याच्या गावातले, एक वाटाड्या काका. परत निघालो तेव्हा पाऊस थांबलेला, सगळे खुशीत. ओढ्यापाशी आलो तर काका थांबले. पाणी गुडघ्याच्या थोडं खालीच होतं, आमच्यातला एक जण पाय टाकणारही होता. काकांनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. त्यावर सुकी पानं आणि बारीक काटक्या वाहत येत होत्या. म्हणाले, "पाला आला ना, मागून पाणी येतंय." त्यांनी एक काटकी मोडून पाण्याच्या कडेला चिखलात रोवली आणि आम्हाला वर दगडावर बसवलं. दहा मिनिटांत ती काटकी दिसेना. पाणी चहासारखं झालं, आणि आवाज बदलला. खळखळ थांबून आतून दगड गडगडल्यासारखा घोष सुरू झाला. तीन तास आम्ही तिथे बसून होतो. काकांनी दुसरी काटकी रोवली, मग तिसरी. पाणी उतरून तिसरी काटकी कोरडी पडली, तेव्हा कुठे दोर धरून आम्ही पलीकडे गेलो. त्या दिवशी काका नसते तर आम्ही नक्की पाय टाकला असता.

तेव्हापासून कुठल्याही ओढ्यापाशी थांबलो की मी आधी काटकी रोवतो. तुमच्या मुलालाही हे शिकवा.

आता तर प्रश्नच नाही. देवकुंडला माणसं दगावली, त्यानंतर रायगड जिल्हा प्रशासन पावसाळ्यात तिथे जायला मनाईचे आदेश काढू लागलं. लोक तरी आडवाटेने जातात. कृपा करून ते करू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती ती. ते दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मग कधी जायचं? दसरा ते दिवाळी, आणि त्यातही पाऊस ओसरून आठ-दहा दिवस झाल्यावर. धबधबा तेव्हा आटलेला नसतो, धार चांगली जाड असते. फरक एवढाच की पाणी निवळतं आणि कुंड हिरवं-निळं दिसतं. पावसाळ्यात तिथे नुसता तुषारांचा पडदा आणि गढूळ पाणी. फोटोत बघून तुम्हाला जे देवकुंड आवडलंय ना, ते या दिवसांतलंच आहे.

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे, तिथून पाटणूसमार्गे भिरा. पहाटे साडेपाचला निघा म्हणजे नऊच्या आत चालायला लागाल. भिऱ्यात गावातला वाटाड्या घ्याच, वाट सोपी दिसत असली तरीही. जंगलात ढोरवाटा फुटतात, आणि पाण्याचं गणित त्यांनाच कळतं. निघतानाच कुठल्या तरी घरी जेवण सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. परत आल्यावर ते जेवण आईंना फार आवडेल.

सुरुवातीला वाट भिऱ्याच्या धरणाच्या कडेकडेने जाते. इथे दहा मिनिटं थांबा आणि मुलाला एक गोष्ट सांगा. समोरच्या डोंगराच्या पलीकडे, वरती, मुळशीचं धरण आहे; येताना तुम्ही त्याच्याच काठाने आलात. ते पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून आणि पुढे मोठमोठ्या नळांतून इथे खाली येतं आणि भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार होते. टाटांचं हे वीजघर १९२७ सालचं. आणि मुळशीच्या त्या धरणात आपल्या जमिनी बुडू नयेत म्हणून मावळातले शेतकरी १९२१ साली सत्याग्रहाला बसले होते, सेनापती बापट त्यांचे पुढारी. जमिनी बुडाल्याच. वीज करून झालेलं पाणी पुढे कुंडलिका नदीत सोडतात, कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. म्हणूनच भिऱ्याच्या धरणाखाली नदीच्या पात्रात पोहायला मुळीच उतरू नका, पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते.

पुढे जंगल लागतं. सप्टेंबरच्या शेवटी कडेला तेरडा फुललेला असतो, ऑक्टोबरात तो सरत आलेला. कारवीचं रान दिसेल. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तुमच्या नशिबात असेल तर बघा. ओढ्याच्या जवळ कुणीतरी निवांत शीळ घालतंय असं वाटलं तर गप्प उभे राहा. तो शीळकरी कस्तुर असतो, काळसर निळा पक्षी. मुलांना वाटतं माणूसच शीळ वाजवतोय. पाण्यातला एखादा सपाट दगड उचलून बघितला तर खाली खेकडा असतो. बघून झालं की दगड हळूच होता तसा ठेवा.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटं दगडांची. इथे आईंना घाई करू नका. दगडाच्या काळ्या, ओल्या, गुळगुळीत भागावर पाय द्यायचा नाही, खडबडीत कोरड्या भागावर द्यायचा, एवढं सांभाळलं की झालं. पकड चांगली असलेले बूट तिघांनाही हवेत, सँडल नकोत. आईंच्या हातात काठी द्या.

कुंडात मुलाला सोडू नका, कडेला पाय बुडवून बसू द्या. आत उतार एकदम तुटतो. आणि धारेच्या थेट खाली तर कुणीच जायचं नाही, पाण्याबरोबर वरून दगड येतात. मुठीएवढा दगडही एवढ्या उंचीवरून आला तर पुरे.

सामानात प्रत्येकी दोन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटं (ऑक्टोबरात खाली कोकणात दमट उकाडा असतो, घाम खूप जातो), आईंची रोजची औषधं, एक कोरडा कपड्यांचा जोड. फोनला रेंज मिळत नाही, तेव्हा घरी वेळ सांगून निघा. दीडपर्यंत कुंडावरून परत फिरा.

आणि १५ ऑगस्टला घरात बसवत नसेल तर साताऱ्याजवळ ठोसेघरला जा. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. धबधबा दरीच्या अलीकडच्या बाजूने, कठड्याच्या आतून बघता येतो, कुठेही ओढ्यात उतरावं लागत नाही. वाटेत सज्जनगड आहे, आईंना समर्थांच्या समाधीचं दर्शन होईल. धुकं असलं तर गॅलरीत पंधरा-वीस मिनिटं थांबा, एकदम फाटतं आणि समोर पांढरी धार उभी राहते. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून सकाळी आठच्या आत पोचा.

भिऱ्याला जायचं ठरलं की आधी गावात फोन करून ओढ्याला पाणी किती आहे ते विचारा, तारीख त्यानंतर नक्की करा.