वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची वंशावळ

नामवंत व्यक्तींच्या पूर्वजांचा माग काढणाऱ्या ‘हू डू यू थिंक यू आर?’ या ब्रिटिश मालिकेवर गेल्या अंकात आम्ही लिहिले होते. ही मालिका २००४ मध्ये बीबीसी टू वाहिनीवर सुरू झाली आणि २००६ मध्ये बीबीसी वनवर गेली. त्या लेखावर आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा आक्षेप अधिक आहेत. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : प्रत्येक भागात पाहुण्याचे डोळे भरून येतात आणि कॅमेरा लगेच जवळ सरकतो. ज्यांना कधी पाहिलेही नाही, अशा शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी कोणी खरोखर रडेल काय? मला हे सारे घडवून आणलेले वाटते.

उत्तर : आपला संशय अगदीच निराधार नाही. महत्त्वाचा कागद पाहुण्याच्या हाती कॅमेऱ्यासमोरच द्यायचा, ही या मालिकेची रीत आहे. त्यामुळे धक्का खरा असला तरी त्याची जागा आणि वेळ निर्मात्यांनी आधीच ठरवलेली असते. तरीही २००६ मधला जेरेमी पॅक्समन यांचा भाग आठवून पाहावा. राजकारण्यांना प्रश्न विचारून हैराण करणारा हा कठोर मुलाखतकार आपल्या पूर्वजांची गरिबी समोर येताच गहिवरला. त्यांच्या घराण्यातल्या एका विधवेला ग्लासगोमध्ये गरिबांसाठीची मदत मिळत होती. तिला अनौरस मूल झाल्याचे कळल्यावर ही मदत बंद करण्यात आली. पदरात लहान मुले असलेल्या बाईच्या तोंडचा घास नीतिमत्तेच्या नावाखाली काढून घेतला गेला, हे नोंदवहीच्या कोरड्या भाषेत वाचताना माणूस हलला, तर त्यात मला नाटक दिसत नाही. ती बाई कोणाची पूर्वज आहे, हे माहीत नसतानाही मी हललो असतो. माझी तक्रार वेगळी आहे. अश्रूंवर कॅमेरा जितका वेळ थांबतो, तितका वेळ तो त्या कागदावर थांबत नाही. प्रेक्षकाला नोंद स्वतः वाचू दिली, तर पाहुण्याच्या भावनेचे समर्थन वेगळे करावे लागणार नाही.

प्रश्न : सगळ्यांचे पूर्वज शेवटी राजेच कसे निघतात?

उत्तर : सगळ्यांचे निघत नाहीत, परंतु ज्यांचे निघतात त्यांचीच चर्चा होते. २०१६ मध्ये अभिनेते डॅनी डायर यांची वंशरेषा इंग्लंडचा चौदाव्या शतकातला राजा तिसरा एडवर्ड याच्यापर्यंत पोहोचली. लंडनच्या पूर्व भागात वाढलेल्या या नटाला झालेला आनंद प्रेक्षकांना फार आवडला, आणि तो निर्मळही होता. मात्र हिशेब लक्षात घ्यावा. आपल्याला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा असतात. असे दुप्पट करत २४ पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या जागा १,६७,७७,२१६ होतात. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडची संपूर्ण लोकसंख्याही एवढी नव्हती. म्हणजेच त्यांतल्या असंख्य जागांवर तीच ती माणसे पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या काळी ज्याचा वंश पुढे टिकला असा राजा आजच्या लाखो सामान्य लोकांचा पूर्वज ठरतो. विशेष असते ते राजाचे रक्त नव्हे, तर मधली प्रत्येक कडी कागदावर सिद्ध होणे. डायर यांच्या पूर्वजांत राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेलही निघाला, आणि याच क्रॉमवेलने १५३८ मध्ये इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश दिला होता. त्या नोंदवह्या नसत्या, तर सामान्य कुटुंबांचा शोध फार अलीकडेच थांबला असता.

प्रश्न : एका तासात चार-पाच पिढ्या उलगडतात. हा शोध कितपत विश्वासार्ह मानावा?

उत्तर : तासाभरात दिसतो तो शोधाचा निकाल. संशोधक चित्रीकरणाआधीच दप्तरे पालथी घालून बसलेले असतात आणि सांगण्याजोगे काही हाती न लागल्यास भाग सोडूनही दिला जातो. मुलाखतकार मायकेल पार्किन्सन यांनी २००९ मध्ये सांगितले होते, की पूर्वज फारच साधे निघाल्यामुळे त्यांचा भाग झालाच नाही. प्रत्येक घराण्यात असे नाट्य असते, हा प्रेक्षकांचा समज म्हणूनच चुकीचा आहे.

विश्वासार्हतेचा खरा प्रश्न मात्र नावांच्या सारखेपणातून आणि अंदाजांतून उभा राहतो. २०११ मध्ये लेखिका जे. के. रोलिंग यांचा भाग आला. पणजोबा लुई व्होलां यांना फ्रान्सचा ‘लेजियों द’ऑनर’ हा सन्मान मिळाला होता, असे त्यांच्या घरात मानले जाई. दप्तर उघडल्यावर कळले, की तो सन्मान त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचा होता. पुढे शोध चालू राहिला तेव्हा त्यांच्या खऱ्या पणजोबांना पहिल्या महायुद्धातील शौर्याबद्दल ‘क्र्वा द गेर’ हे फ्रेंच पदक मिळाल्याचे सिद्ध झाले. घरातली आख्यायिका पडद्यावर मोडू दिली आणि तिच्या जागी पुराव्याने टिकणारी गोष्ट आणली, म्हणून या मालिकेतला तो भाग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

याच्या उलट २०१८ मधला ऑलिव्हिया कोलमन यांचा भाग पाहावा. त्यांची पाच पिढ्यांमागची एक पूर्वज, हॅरियट, बिहारमधील किशनगंज येथे जन्मली होती. तिची आई भारतीय असावी, असा अंदाज कार्यक्रमात मांडला गेला. त्याला ठोस पुरावा नव्हता. प्रसारणानंतर बर्कशायर रेकॉर्ड सोसायटीने त्या आईचे नाव सेराफिना डॉन्क्लियर असल्याचे आणि ती युरोपीय वंशाची असल्याचे प्रसिद्ध केले. तोवर भारतीय पूर्वजाची गोष्ट असंख्य घरांत पोहोचली होती, आणि ती ऐकून सुखावलेल्या सर्वांपर्यंत दुरुस्ती थोडीच पोहोचते? ‘असावी’ आणि ‘होती’ यांतले अंतर निवेदनात ठळकपणे सांगणे, ही माझ्या मते अशा कार्यक्रमाची पहिली जबाबदारी आहे.

प्रश्न : पूर्वजाने वाईट कृत्य केले असेल, तर ते लपवण्याचा हक्क पाहुण्याला असावा की नाही?

उत्तर : घरात असावा, कार्यक्रमात भाग घेतल्यावर नसावा. अमेरिकेतील ‘फाइंडिंग युवर रूट्स’ या अशाच मालिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. अभिनेते बेन ॲफ्लेक यांचा एक पूर्वज गुलामांचा मालक होता. ते दाखवू नये, अशी त्यांनी विनंती केली आणि २०१४ मध्ये प्रसारित झालेल्या भागात ती माहिती आली नाही. सोनी कंपनीचे चोरीला गेलेले ईमेल २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा हे जगाला कळले. ही मालिका दाखवणाऱ्या पीबीएस वाहिनीने चौकशी करून आपल्या संपादकीय नियमांचा भंग झाल्याचे मान्य केले आणि पुढचा हंगाम लांबणीवर टाकला. आपल्याला लाज वाटली म्हणून ती माहिती दाखवू नये असे सुचवले, हे ॲफ्लेक यांनीही नंतर कबूल केले. ती लाज मला समजते. परंतु त्या पूर्वजाच्या ताब्यात राहिलेल्या माणसांचा माग त्यांचे वंशजही शोधत असतात, आणि मालकाच्या नोंदीत पुष्कळदा तेवढाच दुवा उरलेला असतो.

प्रश्न : माझे पती इंग्लंडचे आहेत. मालिका पाहून त्यांच्या घराण्याचा शोध घ्यावासा वाटतो. आम्ही नामवंत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्या सासरी जे सर्वांत वयस्कर असतील, त्यांच्याशी आधी बोलावे आणि नावे, गावे, व्यवसाय टिपून घ्यावेत, दप्तरे कोठेही पळून जाणार नाहीत. त्यानंतर दाखले पाहावेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे आणि १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या जनगणना पाहता येतात. १९३१ ची जनगणना १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे ती झालीच नाही. या पोकळीत सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली नागरिकांची नोंदणी फार उपयोगी पडते. तिच्यात जन्मतारीख आणि व्यवसायही लिहिलेला आहे, त्यामुळे एकाच नावाची दोन माणसे वेगळी काढता येतात. शोधाची पहिली कडी तेथेच पक्की करून घ्यावी.