ओढ्यातील जलपर्णी आणि उसाचे खत

प्रश्न : वाळवा तालुक्यातील आमचा ऊस ओढ्यालगत आहे. आम्ही डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) हे खत विस्कटून टाकतो. ओढ्यात वाढणाऱ्या जलपर्णीशी त्याचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. डीएपीमध्ये ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस, P₂O₅ स्वरूपात) असते आणि पाण्यात पोहोचले की तेच जलपर्णीला पोसते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते मातीला इतके घट्ट धरून राहते की, नत्रासारखे सहज झिरपत नाही. ओढ्यात आणि पुढे कृष्णेत जे स्फुरद पोहोचते, ते बहुतांशी वळवाच्या पावसात वाहून जाणाऱ्या गढूळ मातीबरोबरच. म्हणून आधी माती अडवावी. पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळणे मला तरी अक्षम्य वाटते. ते सरीत पसरावे आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. खत माती परीक्षणानुसार, लागणीच्या वेळी सरीत देऊन मातीआड करावे. पाऊस तोंडावर असताना ते मुळीच विस्कटू नये.