प्रश्न पॉलिसीचा, पैसे आक्कांचे

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या वाचकांनी चार वर्षांपूर्वी वीस वर्षे मुदतीची पॉलिसी घेतली. तिचा हप्ता दहा वर्षे, दरवर्षी एक लाख असा असून मुदतीअखेर हमीचे वीस लाख मिळणार आहेत. आज मोडली तर दोन लाख हाती येतात, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअखेर आठ लाख. एजंट म्हणतो, ‘आता थांबलात तर भरलेले चार लाख पाण्यात.’ पाचवा हप्ता भरावा की नाही, एवढेच त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी मात्र ‘आपल्या माहितीसाठी’ म्हणून आणखी चार ओळी आहेत. निपाणीला राहणाऱ्या त्यांच्या विधवा आक्कांनी, वय ६२, ‘नीट कुठेतरी ठेव’ म्हणून नऊ लाख दिले. ते त्यांनी शेअर बाजारात पैसे फिरवणाऱ्या बेळगावच्या एका गृहस्थांकडे महिना तीन टक्क्यांनी ठेवले. येणाऱ्या सत्तावीस हजारांतून साडेतेरा हजार आक्कांना जातात, उरलेल्यातून गेल्या वर्षीचा हप्ता भरला गेला. आक्कांना ठाऊक आहे ते इतकेच, की पैसे बँकेत आहेत.

गुरुजी, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. दहा लाखांचे वीस लाख ऐकायला गोड वाटते. पण पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो आणि शेवटचा अकरा, म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट. रक्कम दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की वर्षाचा दर साधारण कळतो, आणि ७२ ला साडेपंधराने भागले की हाती ४.६ टक्के उरतात. एवढ्यासाठी वीस वर्षांचे दावे गळ्यात बांधून घ्यायची गरज नव्हती. तरीही भरून झालेले चार लाख आता निर्णयात धरायचे नाहीत, कारण ते तुम्ही पुढे भरलेत तरी गेलेले आहेत आणि थांबलात तरी गेलेले आहेत. पाहायचे ते पुढचे सहा लाख. त्यांच्यामुळे मुदतीअखेरची रक्कम आठावरून वीस लाखांवर जाते, म्हणजे सरासरी साडेतेरा वर्षांत दुप्पट, म्हणजे ५.३ टक्के. पीपीएफ, म्हणजे सरकारची भविष्य निर्वाह निधी योजना, सध्या ७.१ देते, तेव्हा हप्ता थांबवा. पण एजंटाच्या रागाने पॉलिसी मोडूही नका, कारण आजचे दोन लाख सोळा वर्षांत चौपट होत असतील तर तो जवळपास नऊ टक्के दर झाला. आठ लाखांचा आकडा तेवढा एजंटाच्या तोंडून नव्हे, कंपनीकडून लेखी घ्या, आणि कुटुंबासाठी निव्वळ मुदत विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच रक्कम देणारा, वेगळा काढा.

आता न विचारलेले. तुमचे म्हणणे असे की बँकेत आक्कांना महिना पाच-सहा हजार मिळाले असते, त्याऐवजी साडेतेरा मिळतात, त्यामुळे दोघांचेही भले झाले, आणि चौदा महिन्यांत एकही हप्ता चुकलेला नाही. यातला शेवटचा पुरावा पुरावाच नाही. धंदा खरा असो वा नव्या माणसाचे पैसे जुन्याला देण्याचा खेळ असो, पहिले चौदा महिने दोन्हींचे हप्ते वेळेवरच येतात; किंबहुना खेळ असेल तर ते अधिकच वेळेवर येतात. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, त्यावरून कोणतीच बाजू ठरत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्रीवाला यंत्रे गहाण ठेवून बँकेकडून दहा-बारा टक्क्यांनी पैसे उचलतो. मग खरेच कमाई होत असलेला माणूस तुमच्याकडून वर्षाला छत्तीस टक्क्यांनी का उचलील?

तुम्ही पाठवलेला कराराचा फोटो मी मोठा करून पाहिला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवरचा तो मजकूर कन्नडमध्ये आहे, आणि ‘कायद्याचे कन्नड मला झेपत नाही’ असे तुम्हीच लिहिले आहे. दुसऱ्या ओळीत ‘कैगड’ हा शब्द आहे, म्हणजे हातउसने. गुंतवणूक, शेअर, नफा यांतले एक अक्षरही त्यात नाही. उसने देणारा म्हणून तुमचे नाव आहे, आक्कांचे कुठेही नाही. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर त्या बाईंकडे दाखवायला कागद नाही. आणि कागदाप्रमाणे सगळे व्याज तुमचे, म्हणून त्याचा प्राप्तिकरही तुमच्याच माथी.

हिशेब करू. चौदा महिन्यांत ३ लाख ७८ हजार आले, दोघांना निम्मे निम्मे, प्रत्येकी १ लाख ८९ हजार. त्या गृहस्थांनी आज कुलूप लावले तर आक्कांचे सात लाख अकरा हजार बुडतात. तुमचे शून्य, उलट १ लाख ८९ हजार पदरात. तुम्हाला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते ती यामुळेच, कारण तुमच्या जागेवरून पाहिले तर हिच्यात तोटा होऊच शकत नाही. आता आक्कांच्या जागेवरून पाहा. सुरक्षित आठ टक्के सोडून त्यांना अठरा मिळतात, तेव्हा वर्षभरात सगळे बुडण्याची शक्यता बारांत एक असली तरी तो जादा फायदा संपतो. छत्तीसच्या छत्तीस टक्के त्यांना मिळाले असते तर ही सीमा पाचांत एक अशी असती. म्हणजे तुम्ही काढून घेतलेला निम्मा वाटा त्यांचा व्यवहार आणखी वाईट करतो. जागा बदलून विचारा: आक्कांनी तुमचा फंड तुम्हाला न सांगता असाच फिरवला असता, निम्मे व्याज ठेवून घेतले असते आणि ‘बँकेत आहेत’ म्हटले असते, तर त्याला तुम्ही ‘दोघांचे भले’ म्हणाला असता का? आक्कांना सगळे सांगून त्यांनी हो म्हटले असते, तर ती निदान त्यांची चूक झाली असती.

नऊ लाख परत हवेत, असे या आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. टाळाटाळ झाली तर वकिलाकडे जा. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा कर्नाटकाचा २००४ चा आहे. ‘हातउसने’ हा शब्द त्यांच्या आड येतो का, हे वकीलच सांगू शकेल. तुमच्या शब्दावर ज्या दोन सहकारी शिक्षकांनी तिथे पैसे ठेवले आहेत, त्यांना त्याच दिवशी सांगा, तुमचे पैसे हाती आल्यावर नव्हे.

निपाणीला स्वतः जा आणि कागद आक्कांसमोर ठेवा. फोनवर हे बोलू नका. पैसे आले की त्यांच्या नावाने टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १८,४५० येतील, म्हणजे महिना ६,१५०. त्यांनी साडेतेरा हजारांवर घर बसवले आहे, तेव्हा मधले ७,३५० तुम्ही पगारातून द्या. तुमच्याकडे गेलेल्या १ लाख ८९ हजारांतून ते जवळपास सव्वीस महिने पुरतात, आणि ती रक्कम मुळात त्यांचीच आहे.

नऊ लाख परत आले नाहीत, तर मात्र पॉलिसीबद्दलचे माझे वरचे उत्तर खोडा: ती मोडा, येणारे दोन लाख आक्कांच्या खात्यात भरा आणि उरलेल्या रकमेची फेड किती वर्षांत करणार, ते त्यांना कागदावर लिहून द्या, मराठीत.