घरचा डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्या फाइली क्लाउडशिवाय सारख्या कशा ठेवायच्या?

सिंकथिंग (Syncthing) हा फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम दोन्ही मशीनवर टाका. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ उघडायचं, एका मशीनचा डिव्हाइस आयडी (म्हणजे त्या मशीनचा ओळख क्रमांक, तिथेच दिसतो) दुसऱ्यात घालायचा, फोल्डर शेअर करायचं, झालं. फाइली घरच्या वायफायवरून थेट जातात, त्याही एन्क्रिप्ट होऊन. फक्त दोन्ही मशीन एकाच वेळी चालू हवीत.

आणि हा बॅकअप नव्हे हं! लॅपटॉपवर फोल्डर चुकून उडवलं की डेस्कटॉपवरूनही गेलंच. म्हणून फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ (म्हणजे उडवलेल्या-बदललेल्या फाइलींच्या जुन्या प्रती जपणं) दोन्हीकडे आधी चालू करा, मग बाकीचं. एकच फाइल दोन्हीकडे बदललीत तर नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली जादा प्रत दिसेल. घाबरू नका, दोन्ही उघडून हवी ती ठेवा.