लाल शालीतल्या दोघी बहिणी

प्रश्न : थिओडोर शासेरियो या फ्रेंच चित्रकाराचं ‘दोन बहिणी’ हे १८४३ सालचं चित्र पाहिलं. दोघींचा पोशाख सारखा, शालीही सारख्याच लाल, आणि काठावर चक्क आपली कोयरी! या जुळ्या आहेत का? शाल आपल्याकडची का? आमचे जकार्डचे माग आहेत. हे चित्र वॉल हँगिंगवर घ्यावं म्हणतो.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : जुळ्या नाहीत हो. थोरली आदेल तेव्हा ३३ वर्षांची, धाकटी आलीन २१ची. चित्रकाराच्याच या बहिणी, आणि तो स्वतः २३चा. म्हणजे एक ताई आणि एक धाकटी, दोघींना त्याने शेजारी उभं केलं. कपड्यांत फरकच ठेवला नाही, त्यामुळे नजर चेहऱ्यांवर जाते आणि तिथे बारा वर्षं दिसू लागतात. मला हे चित्र फार मोठं वाटतं ते यासाठी.

कोयरी आपलीच. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर काश्मिरी शालीचं वेड पॅरिसला लागलं. काश्मीरचे कारागीर लाकडी काड्यांवर रंगीत धागा गुंडाळून एकेक रंग जागच्या जागी विणत; एका शालीत महिनोन्‌महिने जात. मग फ्रान्सने नकला काढल्या, त्या तुमच्याच मागावर! ल्योंच्या जकारने १८०४च्या सुमारास आणलेला, पुठ्ठ्याच्या भोकांवर चालणारा तो माग. आपल्या चादरीवरचा मोर त्याच भोकांतून उतरतो. अस्सल आणि नक्कल ओळखायची तर शाल उलटी करावी. जकार्डच्या शालीमागे सुटे धागे कातरलेले दिसतात.

आता हँगिंग. आयुष्यभर आलेख-कागदावर चौकोन रंगवून चादरीची नक्षी काढली, म्हणून हक्काने सांगतो : चेहरे विणू नका. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, चार-सहा रंग मिळणार. गालावरची सावली, डोळ्यांखालचा हलका फरक त्यांत मावत नाही. तेवढं गेलं की दोघी खरोखरच जुळ्या होतील. त्यापेक्षा शालीचा काठच घ्या. लाल जमीन, वर कोयऱ्यांची ओळ. ठळक नक्षी जकार्डला छान मानवते. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, १८० सेंटिमीटर उंच, १३५ रुंद. मोबाइलवरून नक्षी उतरवू नका, मोठा छाप काढून घ्या. घडीत दुमडलेल्या कोयऱ्या पुऱ्या करूनच कागदावर मांडाव्या लागतील.