नवं कॉलेज, नवं गाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी तालुक्याच्या कॉलेजात. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मेकॅनिक्सचा तास सुरू झाला की दहा मिनिटांत धागा सुटतो. शेजारच्या मुली भराभर लिहून घेतात. मला हे झेपणारच नाही का? – विद्यार्थिनी, केज (जि. बीड)

उत्तर : झेपेल. पण नेमकं अडतंय कुठे ते आधी शोध. त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, हे बारावीपर्यंत अंगवळणी पडलेलं असतं. घात करतात ते साधे दिसणारे शब्द. ‘स्मूथ’चा अर्थ शब्दकोशात ‘गुळगुळीत’. गणितात त्याचा अर्थ घर्षण शून्य धरा, म्हणजे पृष्ठभागाची प्रतिक्रिया फक्त लंब दिशेने. ‘लाइट रॉड’ म्हणजे रॉडचं वजन धरायचं नाही. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘इम्पेंडिंग मोशन’ म्हणजे वस्तू घसरायच्या अगदी बेतात आहे, म्हणून घर्षणबल कमाल : म्यू (घर्षणांक) गुणिले एन (लंब प्रतिक्रिया). आणि वस्तू घसरायच्या बेतात आहे किंवा घसरते आहे असं कुठूनच कळत नसेल, तर घर्षणबलाच्या जागी डोळे मिटून म्यू-एन लिहायचं नाही. ते समतोलाच्या समीकरणांतून काढायचं. सूत्र पाठ असूनही गुण जातात ते असे.

तेव्हा वहीची मागची वीस पानं राखून ठेव. डावीकडे शब्द, उजवीकडे ‘हा दिसला की काय करायचं’. मराठी प्रतिशब्द लिहीत बसू नको, त्याने गणित सुटत नाही. रोज पाच शब्द पुरे.

तासाला फळ्यावरचं सगळं उतरवायच्या मागे लागू नको. हात धावतो तेव्हा कान बंद होतात. (भराभर लिहिणाऱ्या काहीजणी नुसतं उतरवूनच घेत असतात.) फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) आणि पहिलं समीकरण तेवढं घे, मधल्या पायऱ्यांना जागा सोड आणि त्याच संध्याकाळी त्या स्वतः भर. दुसऱ्या दिवसावर टाकलंस तर सोडलेली जागा कशासाठी होती तेही आठवत नाही. उद्याच्या धड्याची तीन-चार पानं आदल्या रात्री वाचून जा. कळली नाहीत तरी चालेल, शब्द ओळखीचे वाटले म्हणजे झालं.

शंका विचारायला स्टाफरूममध्ये जाशील तेव्हा ‘सर, काहीच कळलं नाही’ म्हणू नको. त्यावर त्यांना तरी काय सांगता येणार? अडलेलं अर्धं गणित पुढे ठेव. मराठीत विचारलंस तरी बिघडत नाही.

आणि प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच आठवड्यात लिहून पुढच्या प्रॅक्टिकलला तपासून घे. तीन तपासण्या थकल्या की टर्म संपताना सहीसाठी रांगेत उभं राहावं लागतं, तेही नेमकं परीक्षेच्या तोंडावर.

प्रश्न : मुलगा कॉट बेसिसवर (एका खोलीत फक्त पलंग भाड्याने घेऊन) राहतो. मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणतो, दर शनिवारी घरी येतो, फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नाही. परत बोलावून घ्यावं का? – एक आई, जळगाव

उत्तर : एवढ्यात नको. आधी मेस बदलून पाहू द्या. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून सवलत घेतली की चव पटली नाही तरी अडकून पडायला होतं. त्यापेक्षा दोन-तीन मेसमध्ये आठ-आठ दिवस कूपनवर जेवून मग महिना लावावा. लावताना दोन गोष्टी विचारायच्या : रविवारी रात्री मेस बंद असते का, आणि खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करणं) कसा धरतात? बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि सलग काही दिवसांपेक्षा कमी असेल तर खाडा धरतच नाहीत. म्हणजे दर शनिवार-रविवारच्या जेवणाचे पैसे तुम्ही बहुधा फुकट भरत असाल.

सकाळी आठचं प्रॅक्टिकल असलं की नाश्ता बुडतो आणि अकरा वाजता वडापाववर भागतं. शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, कारळाची चटणी, भाजके पोहे एवढं खोलीवर असू द्या.

घरी येणं एकदम तोडू नका, अंतर वाढवा : आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. पोरांची ओळख होते ती शनिवार-रविवारच्या रिकामपणात, आणि नेमका तेव्हाच तो एसटीत असतो. फोनवर ‘जेवलास का’ऐवजी ‘रूममेट कुठला आहे, काय बनवतो’ असं विचारून बघा.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, आंघोळ, तास सगळं सुटलं असेल किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलला, तर हा मेसचा प्रश्न राहिला नाही. त्याच्याकडे जाऊन या आणि डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आम्ही सेकंड इयरचे. ज्युनिअर्सची ओळख करून घेतली तर त्याला रॅगिंग म्हणतील का? – विद्यार्थी, नाशिक

उत्तर : रात्री होस्टेलच्या खोलीत एकेकाला बोलावून ‘इंट्रो दे’ म्हणालात, तर हो. महाराष्ट्रात 1999पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गंमत केली’ हा बचाव चालत नाही. ओळख दिवसा, वर्गात, शिक्षकांसमोर करा आणि आधी स्वतःची करून द्या. खरी मदत हवी असेल तर मागच्या वर्षीची जर्नलं, ड्राफ्टर, एप्रन गोळा करून वाटा आणि कोणत्या मेसला खाडा मिळतो ते सांगा. ज्यांना त्रास होतोय त्यांच्यासाठी 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे.

प्रश्न : महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर दिसतो, पण शिष्यवृत्ती खात्यात आली नाही. – विद्यार्थी, परभणी

उत्तर : पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधार ज्या बँकेशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं आहे तिथे जातात, आणि अशी बँक एकच असते. गावाकडे जुनं जनधन खातं असेल तर आधी त्याचं पासबुक भरून आणा. मायआधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (सीडिंग म्हणजे हीच जोडणी) पाहिलं की बँकेचं नाव कळतं. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि डीबीटीसाठी सीडिंग झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन सीडिंगचा संमतीफॉर्म भरायचा आणि पोच घ्यायची. मोबाइल नंबर बदलला असेल तर आधी तो आधारला अद्ययावत करा, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जात राहतो.